पूर्वकथेचे पुनर्लेखन आणि अनेकपाठतेचा भ्रम

व्हिडिओ गेमची कथा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न आता शिळा झाला आहे. जो तो विचारतो त्याला बहुधा उत्तर नको असते. खरा वाद त्याच्या पुढचा आहे, आणि तो या कथांना हिणवणाऱ्यांशी नसून त्यांचे कौतुक करणाऱ्यांशी आहे. या कथांच्या बाबतीत एक गोष्ट सातत्याने घडते. पहिल्या खेळात सांगितलेली पूर्वकथा दुसऱ्या खेळाच्या सोयीसाठी बदलली जाते. मेलेला जिवंत होतो, खलनायक बळी ठरतो, नायकाला अचानक एक भाऊ असल्याचे कळते. आणि हे सारे पूर्वीपासून असेच होते असे वाचकाला बजावले जाते. या प्रथेच्या समर्थनार्थ अलीकडे जी मांडणी वारंवार केली जाते ती थोडक्यात अशी: बदलती पूर्वकथा ही उत्तर-आधुनिक संहितेची खूण आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर संहिता कोणा एकाची राहत नाही, महाभारताचे जसे अनेक पाठ, रामकथेची जशी अनेक रूपे, तशीच ही अनेकपाठता. म्हणजे नव्या यंत्रावर अवतरलेली मौखिक परंपराच. ही मांडणी मोहक आहे. चर्चासत्रात ती हमखास दाद घेते. आणि ती चुकीची आहे. एवढेच नव्हे तर ज्या परंपरेचा आधार ती घेते त्या परंपरेविषयीच्या अज्ञानावर ती उभी आहे.

सिद्धान्ताच्या उंचीवरून पाहिले म्हणजे सगळी पुनर्लेखने सारखीच दिसतात. संहितेजवळ गेल्यावर ती तशी राहत नाहीत. म्हणून एक कथामालिका जरा सविस्तर पाहणे भाग आहे. जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. तळघर, वजीर, कोंडलेली राजकन्या आणि साठ मिनिटांची मुदत एवढाच त्याचा कथात्मक ऐवज होता. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल येथील स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ काढला आणि त्याची कथा मेकनरनेच लिहिली. ती सुरू होते हिंदुस्थानातील एका महाराजाच्या राजवाड्याच्या लुटीपासून. वजीर फितूर होतो, पर्शियाचा राजा शरामन वाडा लुटतो, आणि त्याचा मुलगा कालाचा खंजीर उचलतो. लुटीत एक प्रचंड वाळूचे घड्याळही असते, आणि बंदिवानांत महाराजाची कन्या फराह. पुढे अझाद नगरीत वजिराच्या सांगण्यावरून राजपुत्र घड्याळ उघडतो, वाळू सुटते आणि माणसांचे राक्षस होतात. खंजिराच्या योगाने राजपुत्राला काही क्षण मागे नेता येतात. खेळणाऱ्याच्या हातातील मुख्य सामर्थ्य तेच.

या खेळाचे निवेदन राजपुत्र स्वतः करतो. खेळणाऱ्याच्या हातून तो दरीत पडला, की निवेदक स्वतःलाच अडवतो आणि तसे घडले नव्हते असे म्हणून पुन्हा सुरुवात करतो. खेळातला मृत्यू हा निवेदकाच्या जिभेची चूक ठरतो. कथनमीमांसेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालावे असे हे उदाहरण आहे. अखेरीस फराह मरते. राजपुत्र घड्याळात खंजीर खुपसतो आणि काळ थेट लुटीच्या आधीच्या रात्रीपर्यंत मागे जातो. आता काहीच घडलेले नाही. तो फराहच्या महालात शिरून तिला सगळी हकीकत सांगतो. आपण आतापर्यंत ऐकत होतो ते निवेदन तिला उद्देशून होते, हे वाचकाला तेव्हा कळते. तिचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि तो ती केवळ गोष्ट होती असे मान्य करून खंजीर तिच्या हाती ठेवतो. जाताना ती नाव विचारते तेव्हा तो एक शब्द सांगतो. लहानपणी भीती वाटली की उच्चारायचा म्हणून तिने जपलेला, आणि न घडलेल्या काळात त्याला सांगितलेला तो शब्द आहे ‘काकोलूकीयम्’.

मराठी वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. पंचतंत्राचे तिसरे तंत्र, कावळे आणि घुबडे यांच्या वैराचे. मेकनरने तो शब्द सहज उचलला असो वा जाणून, त्याची जागा अचूक आहे. पंचतंत्र हीच हिंदुस्थानातून पर्शियात गेलेली वस्तू होय. सहाव्या शतकात खुस्रो अनुशिरवानच्या दरबारी बुर्जोय याने तिचे पहलवी भाषांतर केले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्यावरून अरबी ‘कलीला व दिम्ना’ रचले, आणि तेथून ती जगभर पसरली. प्रत्येक मुक्कामी तिच्यात भर पडली, काही गळले, कोल्ह्यांची नावे बदलली. तरीही १९२४ मध्ये फ्रँकलिन एजर्टन यांना मूळ पंचतंत्राची पुनर्रचना करण्याचा प्रयत्न करता आला. हे कशाच्या बळावर? बुर्जोयच्या भाषांतराने संस्कृत पोथ्या जाळल्या नाहीत. काश्मीरचा पाठ उभा राहिला म्हणून दक्षिणेचा पाठ घरोघरच्या बासनांतून आपोआप नाहीसा झाला नाही. पहलवी ग्रंथ स्वतः हरवला, पण त्याची सिरियाक व अरबी अपत्ये त्याची साक्ष देत राहिली.

आता मालिकेचा पुढचा भाग. ‘वॉरियर विदिन’ (२००४) हा मागच्या भागानंतर सात वर्षांनी घडतो. काळ मागे फिरवून राजपुत्राने जे मरण चुकवले त्याची वसुली करायला दहाका नावाचे एक काळे भूत त्याच्या मागे लागले आहे. ‘काहीच घडलेले नाही’ हा आधीच्या खेळाचा शेवट येथे खोटा पाडला जातो. अनेक रसिकांना याचा राग आला. खेळाचा भडक रक्तरंजितपणा पाहता तो राग समजण्यासारखाही होता. परंतु दहाकाची कल्पना हे एक वाचन आहे, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या संहितेने निष्कृतीचा जो सोपा मार्ग काढला होता, त्याच्या मुळाशी जाऊन ही दुसरी संहिता विचारते: घडलेले पुसले तर त्याचे देणे कोण फेडणार? हा प्रश्न पहिल्या खेळात अव्यक्त होताच. जे पुनर्लेखन मूळ संहितेतील असा प्रश्न वर काढते त्याला टीका म्हणता येते, आणि तिचे स्वागतच करायला हवे.

‘द टू थ्रोन्स’ (२००५) मध्ये मात्र प्रकार वेगळा होतो. ‘वॉरियर विदिन’ला दोन शेवट होते. बहुतेक खेळणाऱ्यांना जो सहज लाभे त्यात राजपुत्र कालसम्राज्ञी कायलीनेला मारतो. दुसरा, आडवाटेवरच्या साऱ्या शक्ती गोळा करून विशिष्ट तलवार मिळवणाऱ्यालाच दिसे, आणि त्यात ती वाचते व त्याच्याबरोबर निघते. तिसरा भाग सुरू होतो तो दोघे जहाजातून बाबिलोनला पोचत असताना. म्हणजे ज्याने खेळ प्रामाणिकपणे संपवला होता, त्याचा शेवट घडलाच नव्हता. दोन शेवटांची संहिता आपल्या वाचकाला निवडीचे स्वातंत्र्य देते, असे त्या काळी म्हटले जात होते. ते स्वातंत्र्य एक वर्ष टिकले. शिवाय कायलीना वाचल्याने कालाची वाळू निर्माणच झाली नाही, म्हणून पहिल्या खेळात मेलेला वजीर जिवंत, आणि फराह राजपुत्राला ओळखत नाही. २०१० चा ‘द फरगॉटन सँड्स’ तर पहिल्या दोन भागांमधल्या सात वर्षांच्या फटीत घुसवला गेला आणि त्यासाठी मालिक नावाचा भाऊ आणला गेला, ज्याची आठवण आधीच्या भागांत राजपुत्राला एकदाही झाली नव्हती. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे नाही.

तरीही या चारही खेळांबाबत एक गोष्ट निर्विवाद आहे. २००३ ची तबकडी २००४ च्या तबकडीने बदलली नाही. ज्याच्या संग्रही ती आहे त्याच्यासाठी त्या रात्री फराहच्या महालात काहीच घडलेले नव्हते, आणि तसे न घडण्याचा त्याला अधिकार आहे. येथवर पंचतंत्राशी तुलना कशीबशी टिकते. यापुढे ती टिकत नाही, आणि अनेकपाठतेचे समर्थक नेमके येथेच डोळे मिटतात.

व्हॉल्व्ह या कंपनीचा ‘पोर्टल’ २००७ मध्ये आला. त्याच्या अखेरीस नायिका चेल प्रयोगशाळेच्या बाहेर, मोकळ्या हवेत, भग्न अवशेषांत पडलेली दिसते. ती सुटली, एवढेच आपल्याला कळते. मार्च २०१० मध्ये कंपनीने संगणकावरील या खेळात एक दुरुस्ती पाठवली. विकत घेतलेल्या, घरातल्या यंत्रावर असलेल्या प्रतीत शेवटी काही क्षण वाढले: एक यांत्रिक आवाज येतो आणि कोणीतरी चेलला ओढून परत आत नेते. दुसरा भाग तयार होत होता आणि त्याला नायिका आत हवी होती. २००७ मध्ये जो खेळ संपवून वाचक समाधानाने उठला, त्याने २०१० मध्ये तोच खेळ पुन्हा संपवला तर त्याची नायिका बंदिवान होती. नवे पुस्तक निघाले नव्हते, नवी आवृत्ती असे कोठे छापले नव्हते. कपाटातल्या पुस्तकाचे शेवटचे पान रात्रीतून बदलले होते.

याला ‘अनेकपाठता’ म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. पाठ अनेक असण्यासाठी ते एकाच वेळी अस्तित्वात असावे लागतात. एकामागून एक येणारे आणि प्रत्येक वेळी मागच्याला गिळणारे पाठ हे अनेक पाठ नसून एकच पाठ असतो, ज्याचा मालक रोज आपले मत बदलतो.

ब्लिझार्डच्या ‘वॉरक्राफ्ट’चे उदाहरण याहून बोधक आहे. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ सोबतच्या पुस्तिकेत सार्गेरास या देवतुल्य योद्ध्याच्या अधःपाताला एरेडार नावाची दुष्ट मांत्रिकांची जात कारणीभूत होती. २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रूसेड’ या भागाला एरेडारांचीच एक सत्प्रवृत्त शाखा हवी होती. म्हणून कार्यकारणभाव उलटा झाला: एरेडार मुळात थोर, त्यांना भ्रष्ट केले सार्गेरासने. कथेचा प्रमुख लेखक ख्रिस मेट्झेन याने पुस्तिकेत आपण काय लिहिले होते हेच आपण विसरलो होतो, अशी जाहीर कबुली दिली. त्या कबुलीचा येथे आदर केला पाहिजे. समीक्षकांनी तिला ‘विरचना’ म्हणण्याची आवश्यकता नव्हती. पुढे २०१६ मध्ये ‘क्रॉनिकल’ नावाचा जाडजूड ग्रंथ काढून सगळा इतिहास एकदाचा निश्चित करण्यात आला, आणि काही वर्षांतच कंपनीने सांगितले की तो ग्रंथ टायटन नावाच्या देवांच्या दृष्टिकोनातून लिहिलेला आहे, सबब त्यातले सर्वच खरे मानू नये. अविश्वसनीय निवेदक हे वाङ्मयीन तंत्र आहे. त्याचा अविश्वसनीयपणा संहितेतच कोठेतरी विणलेला असतो, म्हणून चतुर वाचकाला तो ओळखता येतो. ग्रंथ विकून झाल्यावर निवेदकाला अविश्वसनीय जाहीर करणे हे तंत्र नव्हे, हिशेबाची तजवीज आहे.

आणि हे फक्त कथेपुरते राहिले नाही. डिसेंबर २०१० मध्ये ‘कॅटॅक्लिझम’ या भागाने वॉरक्राफ्टच्या जगातले जुने प्रदेशच उलथून टाकले. २००४ पासून ज्या खेड्यांतून लक्षावधी लोक वावरले ती खेडी, त्या कामगिऱ्या, ती पात्रे यांच्याकडे परत जाण्याची अधिकृत वाट ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ ही जुन्या रूपाची आवृत्ती निघेपर्यंत नव्हती. निघाली तीही मालकाच्या मर्जीने. बंजीने तर नोव्हेंबर २०२० मध्ये ‘डेस्टिनी २’ मधील ‘रेड वॉर’ ही मूळ कथाच खेळातून काढून घेतली. लोकांनी २०१७ मध्ये ती पैसे मोजून विकत घेतली होती. कादंबरीची पहिली दोनशे पाने ग्रंथालयाने नव्हे तर प्रकाशकाने, तीही वाचकाच्या घरून, परत नेल्यासारखेच हे झाले.

आता सिद्धान्ताकडे. बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू जाहीर केला तो वाचकाच्या जन्मासाठी. अर्थाचा मुखत्यार म्हणून जो लेखक संहितेवर बसला होता त्याला उठवायचे, आणि अर्थ वाचकाच्या हवाली करायचा. व्हिडिओ गेमच्या पूर्वकथेत लेखक खरोखरच मेलेला आहे: ती समितीने लिहिलेली असते, लिहिणारे नोकरी सोडून जातात, आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना आधीचे पुरते ठाऊक नसते. पण त्या रिकाम्या जागेवर वाचक बसला नाही, मालक बसला. फूकोने १९६९ च्या व्याख्यानात ‘लेखक’ हे नाव मालकी, जबाबदारी आणि शिक्षा यांच्या व्यवस्थेतून कसे घडले हे दाखवले होते. बार्थ घेऊन फूको मागे ठेवायचा ही या समर्थकांची रीत आहे. त्यामुळे संहितेचा मुक्त खेळ त्यांना दिसतो, कोणती संहिता चालू ठेवायची व कोणती बंद करायची हे ठरवणारे कार्यालय दिसत नाही.

परंपरेचा दाखला तर त्यांच्यावरच उलटतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या संपादनात व्यासांचा लेखक झालेल्या गणपतीची कथा मूळ संहितेतून वगळली. हा निर्णय सोपा नव्हता, आणि घरोघरच्या श्रद्धेला तो रुचणाराही नव्हता. पण वगळलेली ती कथा गेली कोठे? परिशिष्टात. ज्या पोथ्यांत ती आहे त्यांच्या नोंदीसह. सुकथनकरांशी ज्याचे पटत नाही त्याच्या हाती त्यांच्याविरुद्धचा सारा पुरावा त्यांनी स्वतःच ठेवला आहे.

त्याहून जवळचे उदाहरण लीळाचरित्राचे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या आठवणी हिंडून हिंडून गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि पंथातल्या निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. स्मरणे जुळेनात. तेव्हा एकाचे खरे ठरवून बाकीची पुसण्याऐवजी ज्याचा पाठ त्याच्या नावासह नोंदवण्याची रीत पडली: हिराइसेचा एक, परशरामबासांचा दुसरा. महानुभावांनी अशा पाठाला ‘वासना’ हा शब्द योजला. अनेकपाठता जर कशाला म्हणायचे असेल तर ती ही. तिच्या मुळाशी लीला नाही, धास्ती आहे: गुरूंचा एखादा शब्द आपल्या विसराळूपणाने जगातून जाईल ही धास्ती. मेट्झेनचा विसर आणि हिराइसेचे स्मरण यांना एकाच संज्ञेखाली आणणाऱ्या समीक्षेने आपली संज्ञा तपासून पाहावी.

यावर आक्षेप येईल तो एकनाथांचा. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि यापुढे तीत कोणी भर घालू नये असे बजावले. मग तेही मालकी गाजवणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. एकनाथांच्या अधिकारामुळे अनेक जुने पाठ मागे पडले असतील. पण राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली ज्ञानेश्वरी छापली ती एकनाथपूर्व असल्याचा दावा करीतच, आणि त्या दाव्यावर कडाक्याचा वाद झाला. वाद होऊ शकला, कारण वाद घालायला पोथी होती. पैठणात बसून एकनाथांना पाटांगणच्या पोथीतले अक्षर बदलता येत नव्हते. व्हॉल्व्हला वाचकाच्या घरातले बदलता येते. फरक नैतिकतेचा नाही, पोचेचा आहे. आणि तो लहान नाही.

पाठ आणि त्याचा साक्षीदार यांचे नाते ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला तर रोजच्या व्यवहारातून कळावे. या जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा, येऊरच्या डोंगरालगतचा. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, ज्याच्या नावाचा रस्ता आणि पोलीस ठाणे आहे. वर्तमानपत्रात ‘मानपाडा पोलीस’ असे वाचले की ते डोंबिवलीचे, हे सरावाने समजते. पत्त्यावर मात्र गावाचे नाव घालावेच लागते. एका मानपाड्याने दुसऱ्याला खोटे ठरवण्याचा प्रश्न कधी आला नाही. साक्षीदाराच्या नावासह दोन्ही उभे आहेत, एवढ्याने गोंधळ मिटतो. ‘पोर्टलचा शेवट’ असे लिहिणारा अभ्यासक मात्र गावाचे नाव न घालता पत्र टाकीत असतो.

ह्याच पट्ट्यात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत, १९९० च्या दशकात व्हिडिओ गेम पोचले ते दूरचित्रवाणीला जोडायच्या स्वस्त यंत्रांतून आणि ज्यांना सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई त्या नकली काडतुसांतून. फुंकर मारून बसवायची, आणि लागली तर लागली. त्यांत कोनामी कंपनीचा ‘काँट्रा’ हा सर्वांच्या परिचयाचा. या खेळाची पूर्वकथा मुळातच दुभंगलेली आहे. १९८७ च्या जपानी पाठानुसार तो २६३३ साली न्यूझीलंडजवळच्या एका काल्पनिक द्वीपसमूहावर घडतो. अमेरिकेत विकताना सोबतच्या पुस्तिकेने त्याला समकालीन केले आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेले. युरोपात तर ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने दोन्ही सैनिकांचे यंत्रमानव झाले. पुढच्या काळात कंपनीने जपानी कालक्रम सर्वत्र प्रमाण मानायला लावला आणि अमेरिकी पुस्तिका चूक ठरल्या. पण डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या मुलाला यातले काहीच मिळाले नव्हते, कारण नकली कॅसेटबरोबर पुस्तिका येत नसे. त्याच्यापुढे होते उघड्या अंगाचे दोन सैनिक, जंगल, धबधबा आणि शेवटी एक धडधडणारे हृदय. हे कोण, कोठे, कशासाठी लढतात, हे त्याने आणि शेजारच्या मुलांनी मिळून रचले.

खरी मौखिक परंपरा जर व्हिडिओ गेमच्या इतिहासात कोठे असेल तर ती तेथे आहे. मालकाला पत्ता नसलेली, इमारतीगणिक वेगळी, बोलीत सांगितलेली पूर्वकथा. महाराष्ट्रात ज्यांनी ती रचली ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि विचारल्यास सांगू शकतील. कंपनीने पाठवलेल्या दुरुस्तीत लोकपरंपरा शोधणाऱ्या मराठी समीक्षेने ही लोकपरंपरा गोळा करण्याचे काम मनावर घेतले असते तर म्हाइंभटांचे नाव घेण्याचा तिला थोडा अधिकार पोचला असता.

‘सँड्स ऑफ टाइम’ची कथा शेवटी महाराष्ट्रात येते, आणि तेथे या साऱ्या प्रश्नाला धार चढते. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला. २०१८ मध्ये मुंबईत दुसरा काढला. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की २००३ च्या त्या खेळाची नवी घडण पुणे आणि मुंबई येथे होत आहे. हिंदुस्थानी महाराजाच्या वाड्याची लूट, त्याच्या कन्येचे बंदिवास, तिचा ‘काकोलूकीयम्’ हा शब्द, हे सारे प्रथमच अशा हातांत आले होते ज्यांना तो शब्द शाळेत भेटलेला असण्याची शक्यता होती. लुटलेल्या वाड्याकडे पुण्याहून पाहताना लुटारू राजपुत्राचे निवेदन तसेच राहील काय? फराह आणखी काही बोलेल काय? हे प्रश्न मराठीत कोणी विचारले नाहीत. चर्चा झाली ती चित्रे सुबक आहेत की नाहीत याची. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत, आणि मे २०२२ मध्ये काम काढून घेऊन माँट्रियलला देण्यात आले. पुणे-मुंबईत घडलेली ती संहिता वाचकापुढे आली नाही. तिच्यात काय होते, ती मूळची इमानी नक्कल होती की एखादे नवे वाचन, हे ठरवायला परिशिष्ट नाही, वासना नाही, साक्षीदाराचे नाव नाही. ज्या अनेकपाठतेचे गोडवे गायले जातात तिच्यात हा एक पाठ मोजला जात नाही, कारण तो मालकाने मोजलेला नाही.

विद्यापीठांतून या विषयावर प्रबंध लिहिले जातील, आणि ते लिहिले जावेत. पण त्यांच्या तळटिपांत खेळाच्या नावापुढे केवळ साल घालून भागणार नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ घ्या: तो २०२० चा, त्याची सुधारित आवृत्ती २०२२ ची, अभ्यासकाने कोणता खेळला? आवृत्तीचा क्रमांक, दुरुस्तीचा दिनांक, यंत्राचे नाव आणि ज्या प्रतीवरून उतारा घेतला त्या प्रतीचा ठावठिकाणा हे पोथीच्या वर्णनाइतकेच आवश्यक आहे. हस्तलिखिताचा लेखनशक, पत्रांची संख्या, लेखनिकाचे नाव न देता पाठ छापणाऱ्या संपादकाला मराठी संशोधनाने कधी क्षमा केली नाही. तोच नियम येथे शिथिल का करावा, याचे कारण कोणी दिलेले नाही. ‘पोर्टल’चा २००७ चा शेवट आजही पाहता येतो. त्यासाठी त्या सालची तबकडी मिळवावी लागते, आणि ज्या यंत्रावर ती लावायची ते जालाशी जोडलेले नाही याची आधी खात्री करून घ्यावी लागते.